क्षारपड अडीच एकरात कोळंबीचं तळं काढावं का? आणि लेक म्हणते तसं ते खरंच पर्यावरणाला वाईट आहे का?

चोपण_अडीच_एकर
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

पलूस तालुका, कृष्णेपासनं दीडेक किलोमीटरवर रान. एकंदर साडेसहा एकर, त्यातलं खालच्या अंगाचं अडीच एकर गेल्या वीस वर्षांत कामातनं गेलंय. आज्ज्याच्या वेळी ह्याच तुकड्यातनं एकरी साठ-सत्तर टन ऊस निघायचा असं आई अजून सांगती. मग लिफ्टचं, म्हंजे नदीवरनं उपसलेलं, पाणी आलं, पाणी आलं की दारं धरायची, रात्रभर पाट वाहतोय तर वाहू दे, निचरा हा शब्दच कुणाला ठाऊक न्हवता. सगळ्या गावानं तेच केलं, एकट्या वडलांना दोष देऊन काय उपयोग. आता उन्हाळ्यात बघाल तर पीठ सांडल्यागत पांढरं आणि पावसाळ्यात पायातली चप्पल चिखलात. वेडी बाभळ सोडली तर काय येत न्हाई.

गेल्या महिन्यात एक जण गाडीवरनं आला, कुठल्याशा कंपनीचा. म्हणला हरियाणात असल्याच खारट जमिनीत कोळंबी काढून लोकं पैसे मोजायलेत, बी (म्हंजे कोळंबीची पिल्लं) आमचं, खाद्य आमचं, माल बी आम्हीच उचलणार, तुम्ही फक्त तळं काढा. व्हिडिओ दाखवले. मला पटलं थोडं. पण लेक बीएस्सीला हाय ती म्हणती पप्पा कोळंबी शेती म्हंजे जगात बदनाम धंदा, तिवरांची जंगलं तोडली ह्यापायी, शिंपले पाळणं तेवढं चांगलं, त्यानं पाणी स्वच्छ होतं आणि कार्बन बी साठतो. आता मी म्हणतो आपल्याकडं तिवरं हायतच कुठं तोडायला? जमीन तर अशीच पडून हाय. मग वाईट काय?

कुणाला अनुभव असेल तर सांगा. नुसतं "करू नका" म्हणू नका, का ते सांगा.

देवगडची_लेक_विट्याची_सून
दादा, तुमच्या लेकीचं बरंचसं बरोबर आहे, पण दोन वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत आल्यात.

माझं माहेर खाडीकाठी. आमच्या सिंधुदुर्गात बचत गटाच्या बायकांनी कालवं, शिनाणे (हेही शिंपलेच), खेकडे पाळायचे प्रयोग केलेत. शिनाण्यांचं कसं असतं, बांबूची चौकट किंवा तराफा, त्याला दोर लटकवायचे, दोराला बारकी शिनाणी चिकटवायची आणि सोडून द्यायचं. खाद्य एक दाणा टाकायचं नाही. पाण्यात जे बारीक शेवाळ तरंगतं तेच ती गाळून खातात. एक मोठं कालव दिवसाला शंभर लिटरच्या वर पाणी गाळू शकतं. खाद्य नाही, औषध नाही, गोडं पाणी नाही, जमीन खणायची नाही. उलट पाण्यात उतरलेलं खत-सांडपाणी शेवाळातनं त्यांच्या अंगात जातं आणि माल काढला की पाण्याबाहेर येतं. म्हणून त्याला चांगलं म्हणतात, आणि ते खरंच चांगलं आहे. पाऊस लागायच्या आत मात्र माल काढावा लागतो, खाडीला गोडं पाणी आलं की मरतात.

पण त्यातही सगळं सोवळं नाही हं. एकाच जागी तराफ्यांची गर्दी केली की त्यांची विष्ठा खाली साचते आणि तळ काळा पडून वास मारतो. नायलॉनचे दोर, थर्माकोल, प्लास्टिकचे पिंप, वादळात सुटून किनाऱ्यावर येतात ते कोण उचलतं? आणि जो पाणी गाळतो तो घाणही गाळतो. वरच्या अंगाला गावाचं सांडपाणी सुटत असेल तर ते जंतू, कारखान्यातलं शिसं, सगळं त्या शिंपल्यात. म्हणून जागा स्वच्छ पाण्याचीच लागते, आणि नीट करणारे विकायच्या आधी दिवसभर तरी स्वच्छ पाण्यात ठेवतात.

कोळंबी ह्याच्या एकदम उलट. तिला तुम्ही भरवायचं. भरवलं की उरणार, आणि उरलं की ते कुठंतरी जाणार.

(विट्यात ताजी शिनाणी मिळत नाहीत हे माझं वेगळं दुःख आहे, ते इथे नको.)

ऊसच_बरा
ऊसाला शंभर पाणी पाजून ज्यांनी जमिनी पांढऱ्या केल्या ते आता कोळंबीला पर्यावरण शिकवणार 😂 राव त्याची जमीन मेलीय, त्याला जगू द्या. कोळंबी वाईट असेल पण तिथं आत्ता जे हाय त्यापेक्षा वाईट काय होणार?

एरेटर_बंद_पडला
मूळचा फलटणचा. आंध्रात भीमावरमजवळ चार वर्षं कोळंबी फार्मवर टेक्निशियन होतो, नंतर दोन सीझन हरियाणात. त्यामुळे दोन्ही बाजूनं बोलू शकतो.

आधी बदनामीचं. ती उगाच नाही झाली. ८०-९० च्या दशकात थायलंड, इक्वेडोर, इंडोनेशिया इथं तळ्यांसाठी तिवरं साफ केली. आपल्याकडं पूर्व किनाऱ्यावर टायगर कोळंबीची लाट आली, १९९४-९५ ला पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आला आणि तळीच्या तळी बसली. लोकं तळी तशीच टाकून गेली, जमीन खारट, विहिरी खारट. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि डिसेंबर १९९६ मध्ये किनारा नियमन क्षेत्रातली व्यापारी कोळंबी तळी पाडायचा आदेश आला, पारंपरिक पद्धतीची सोडून. पुढं २००५ ला कायदा झाला, चेन्नईला प्राधिकरण बसलं. किनाऱ्यालगत शेतजमीन, मिठागर, तिवरं ह्यांची तळी करायची नाहीत हे त्यातनंच आलं. २००९ पासनं व्हॅनामेई जातीची कोळंबी आली, ती मूळ अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्याची, आता सगळीकडं तीच.

हरियाणाचं खरं आहे. रोहतकजवळ लाहलीला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचं केंद्र आहे, त्यांनीच खाऱ्या भूजलावर हे बसवलं. मग पंजाबात, राजस्थानात पसरलं. आयडिया चांगलीच आहे, जिथं गहू येत नाही तिथं कोळंबी. पण जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात आणि समुद्राच्या पाण्यात फरक असतो. समुद्रात सोडियम आणि पोटॅशियम साधारण २८ ला १ असतं, जमिनीतल्या पाण्यात पोटॅशियम फारच कमी. तसंच सोडलं तर बी कात टाकताना मरतं. म्हणून पोटॅश, मॅग्नेशियम पोत्यानं टाकावं लागतं. ते व्हिडिओत दाखवत नाहीत.

आता हिशोब. एका एकरातनं तीन टन माल धरा. एक किलो कोळंबीला दीड किलो खाद्य, म्हणजे साडेचार टन. त्यात मासळीची भुकटी असते, सोयाबीन असतं, म्हणजे कुठल्या तरी समुद्रातले बारके मासे आधीच ह्यात आलेत. खाद्यात ३५ टक्के प्रथिनं धरली तर नत्र होतं २५० किलो. तीन टन कोळंबीच्या अंगात त्यातलं नव्वदेक किलो जातं. उरलेलं १६० किलो तळ्यात. आता सांगा, आडसाली (दीड वर्षाच्या) ऊसाला शिफारस किती? हेक्टरी ४०० किलो नत्र, म्हणजे एकरी १६०. बरोब्बर तेवढंच. चार महिन्यांत एका तळ्यात अख्ख्या आडसालीचा डोस, युरियाच्या भाषेत पावणेआठ पोती, गाळात आणि पाण्यात. आणि हे एका पिकाचं बरं का.

आणि वीज. रात्री पाण्यातला ऑक्सिजन पडतो, पाण्यात हवा घालणारी पॅडलव्हील, म्हणजे एरेटर, चालूच पाहिजेत. शेतीची लाईन किती तास असते तुम्हाला ठाऊकच आहे. मग डिझेल जनरेटर. माझं हे नाव उगाच नाही पडलं, पहाटे तीनला जनरेटर बंद पडला आणि सकाळी काठावर पांढरा सडा. त्या वासानं मी वर्षभर कोळंबी खाल्ली नव्हती.

चोपण_अडीच_एकर
बापरे. पण दादा ते १६० किलो नत्राचं पाणी वरच्या चार एकर ऊसाला सोडलं तर? खतच झालं की.

एरेटर_बंद_पडला
गोड्या पाण्यातल्या मासळीचं असतं तर मीच म्हणलो असतो सोडा, लोक करतात. पण हे खारं पाणी आहे. वरच्या चार एकराचंही खालचं अडीच एकर होईल.

निचरावाला
मातीचंच काम करतो, ह्याच पट्ट्यात, म्हणून बोलतो. चोपण_अडीच_एकर भाऊ, माती तपासली असेल तर आकडे टाका. सामू (पीएच) किती आणि ईसी, म्हणजे क्षारांचं माप, किती?

चोपण_अडीच_एकर
कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात दिलेली दोन वर्षांपूर्वी. सामू ८.७, ईसी ५.८. कागद आईच्या ट्रंकेत होता म्हणून सापडला.

निचरावाला
बघा आता. ५.८ हा मातीच्या अर्काचा आकडा आहे, तळ्यात भरणार त्या पाण्याचा नाही, ते वेगळं मोजायला लागेल. तरी अंदाजाला म्हणून धरू. ईसी एक म्हणजे लिटरला साधारण ०.६४ ग्रॅम क्षार. म्हणजे ५.८ ला पावणेचार ग्रॅम. समुद्रात पस्तीस असतात. हरियाणात ज्या पाण्यावर हे चालतं तिथं दहा-पंधरा ग्रॅम सहज असतात. व्हॅनामेई अगदी अर्ध्या-एक ग्रॅमातही जगवतात हे खरं, पण पाणी जितकं कमी खारं तितका क्षारांचा ताळमेळ बिघडतो आणि तितकी जास्त पोती.

इथं खरी भीती. कमी खारटपणात वाढ होईना, मर व्हायला लागली, की तो गाडीवरचा माणूस म्हणणार "काका, चार ट्रक खडेमीठ टाका". आणि आपला माणूस टाकणार, पैसे अडकलेले असतात. समुद्रापासनं एवढ्या लांब, काळ्या जमिनीत, कोकणातनं घाट चढून मीठ आणून ओतायचं! ज्या रोगानं जमीन मेली तोच रोग विकत आणायचा. आहे तेवढ्या खाऱ्या पाण्यात जमत असेल तरच विचार करा, वरनं एक किलो मीठ टाकायची वेळ आली तर धंदा बंद. मीठ बाष्पीभवनानं उडून जात नाही हो, पाणी जातं. उन्हाळ्यात एकराच्या तळ्यातनं दिवसाला सात मिलिमीटर उडालं तरी जवळजवळ तीस हजार लिटर, म्हणजे दहा हजाराचे तीन टँकर रोज. ते तुम्ही बोअरनं भरणार आणि प्रत्येक भरणीला मीठ वाढणार.

तुमची माती काळी, ओली असताना पाणी धरते, पण सुकली की भेगा पडतात, त्यामुळं प्लास्टिक कागद घातल्याशिवाय करूच नका, नाहीतर शेजाऱ्याच्या बांधाखालनं पाणी जाणार. आणि पीक निघाल्यावर तळं कुठं रिकामं करणार? ओढ्यात ना? ओढा कृष्णेत. खाली सगळ्या गावांच्या पाणीयोजना आणि लिफ्ट. आधीच मळी सुटली की नदीत मासे पांढरे पालथे पडतात आणि आपण फोटो टाकून कारखानदारांना शिव्या देतो. मग आपण काय वेगळं केलं?

चोपण_अडीच_एकर
बरं मग एक विचारतो, राग मानू नका. तुम्ही जे पायपाचं निचऱ्याचं काम करता त्याचं खारं पाणी कुठं जातं? ओढ्यातच की 😀

ऊसच_बरा
लागला बाण 😂😂

निचरावाला
बरोबर पकडलंत. हो, ओढ्यातच जातं, आणि हे आमच्या क्षेत्रात कुणी मोठ्यानं बोलत नाही. तीन-चार फूट खाली सच्छिद्र पाइप टाकले की पहिली दोन-तीन वर्षं निघणारं पाणी चांगलंच खारं असतं. मुख्य चर नीट नसेल तर वरच्याचा निचरा म्हणजे खालच्याचा चोपण. म्हणून एकट्यानं करण्यात अर्थ नसतो, शिवारानं मिळून करावं लागतं, आणि शिवार मिळत नाही.

पण फरक आहे. निचऱ्यात तुम्ही आहे ते मीठ एकदा बाहेर काढता आणि ते वर्षागणिक कमी होत जातं. जिप्सम टाका, धैंचा (हिरवळीचं खत) गाडा, पाणी बेतानं द्या, शेवटी रान परत येतं. तळ्यात तुम्ही जमीन कायमची सोडून देता आणि दर पिकाला नवा माल आणता, खाद्य, पोटॅश, औषध. तरी एक मान्य करतो, कुठल्याच निचऱ्यानं परत येणार नाहीत असेही तुकडे मी बघितलेत, आणि तिथं कुणी कागद घालून, पाणी बाहेर न सोडता, तेच पाणी पुढच्या पिकाला वापरून कोळंबी केली तर माझा विरोध नाही.

आणि लेकीला सांगा, शिंपल्याच्या कवचात कार्बन साठतो हे खूप ठिकाणी छापून येतं पण गणित उलटं आहे. पाण्यातल्या बायकार्बोनेटपासनं चुनखडी होते तेव्हा अर्धा कार्बन कवचात जातो आणि अर्धा कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. दहावीचंच समीकरण आहे. शिंपला चांगला तो खाद्य लागत नाही म्हणून.

देवगडची_लेक_विट्याची_सून
हे मलाही नवीन होतं! आमच्याकडे पूर्वी कवचं भाजून चुना करायचे, त्यात उरलेला पण गेला म्हणायचा.

कोयनाकाठ
कराडहून. कुणीतरी मोत्यांचा विषय काढेल म्हणून थांबलो होतो, नाही काढला, मीच काढतो. गोड्या पाण्यातल्या शिंपल्यात मोती करतात ते तंत्र खरं आहे, भुवनेश्वरच्या संस्थेनं ते बसवलं. ते शिंपलेही पाणी गाळतात, खाद्य फारसं लागत नाही, म्हणजे पर्यावरणाला तसा त्रास कमी. पण मला एकानं "किट" विकलं, ट्रेनिंग दोन दिवसाचं, मोती आम्हीच घेऊ. शिंपले आणले कुठनं तर कुठल्यातरी नदीतनं पोत्यात भरून उपसलेले. म्हणजे पर्यावरणपूरक धंद्यासाठी नदी रिकामी. निम्मे आठवड्यात मेले, दीड वर्षानं जे मोती निघाले ते बघायलाही कोण आलं नाही, फोन बंद. तेव्हा "माल आम्हीच उचलणार" हे वाक्य ऐकलं की मी पहिल्यांदा पाकीट चाचपतो. कोळंबीचा तर बाजारच परदेशावर, २०२५ ला अमेरिकेनं ५० टक्के टॅरिफ लावलं तेव्हा आंध्रातल्या शेतकऱ्यांचे भाव काय झाले ते विचारा त्या गाडीवाल्याला.

एरेटर_बंद_पडला
+१. आणि त्याला आणखी एक विचारा, लेखी. बी कुठल्या हॅचरीचं, तपासणीचा कागद आहे का. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान असली बंदी असलेली औषधं कधीच देणार नाही असं लिहून देतो का. चांगला माणूस असेल तर देईल. रोग आला की लोकं काहीही ओततात, मी बघितलंय, आणि ते मग खाणाऱ्याच्याही पोटात आणि ओढ्यातही.

हो, आणि सगळ्यात मोठं विसरलोच. २०१९ ला आणि २०२१ ला तुमच्या रानात पाणी आलं होतं का?

चोपण_अडीच_एकर
२०१९ ला खालच्या तुकड्यावर पुरुषभर. २०२१ ला बी आलं, थोडं कमी.

एरेटर_बंद_पडला
मग तळं जुलैत भरलेलं असताच कामा नये. पूर आला की कोळंबी, गाळ, प्लास्टिक कागद सगळं आयर्विन पुलाखालनं कर्नाटकात. व्हॅनामेई कृष्णेत पैदास करणार नाही, तिला त्यासाठी समुद्र लागतो, पण परदेशी जनावर आणि त्याचे रोग नदीत सोडायचे कशाला, नदीत आपले झिंगे आहेत. म्हणजे तुम्हाला वर्षाला एकच पीक, फेब्रुवारी-मार्चला बी सोडून जूनअखेर काढायचं. थंडीत तसंही वाढत नाही, तिला २८ ते ३२ अंश पाणी लागतं. आता एका पिकावर कागद, एरेटर, जनरेटरचा खर्च बसतो का ते बघा. मला नाही वाटत.

अगदी पाण्यातलंच काही करायचं असेल तर आधी पंगस किंवा तिलापिया बघा, थोडं खारट सोसतात, हवा कमी लागते, सांगली-मिरजेत विकतील. तिलापियाला परवानगी लागते, मत्स्य खात्यात विचारा. पंतप्रधान मत्स्य संपदा योजनेत ४० टक्के अनुदान होतं, महिलेच्या नावावर ६०, आता काय आहे तेही तिथंच विचारा. गाडीवाल्याकडं जायच्या आधी तिथं जा.

ऊसच_बरा
आत्ता कळलं, मी उगाच हसत होतो. माझं बी दीड एकर तसंच हाय बांधाला.

चोपण_अडीच_एकर
सगळ्यांचे आभार. लेकीला सगळा धागा वाचून दाखवला, कार्बनचं ऐकून तोंड बारीक केलंन पण मग स्वतःच समीकरण लिहून बघत बसली. ठरलं असं की गाडीवाल्याला सध्या न्हाई म्हणून सांगणार. ऊसच_बरा, तुमचं आमचं गाव जवळ असेल तर चराचं बघू या का मिळून, मला मेसेज टाका. आणि निचरावाला दादा, तुम्ही म्हणला ते पाणी मोजायचं, खड्डा काढून त्यातलं घेऊ का बोअरचं? आणि बाटली कसली लागती?

निचरावाला
दोन्ही घ्या, वेगवेगळं. खड्डा तीन-चार फूट, रात्रभर पाणी साचू द्या आणि सकाळी घ्या. बोअर आधी दहा-पंधरा मिनिटं चालवून मग. पाण्याची रिकामी प्लास्टिक बाटली चालते, त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची, बूच घट्ट. बाटलीवर तारीख आणि कुठलं ते लिहा. कोल्ड्रिंकची बाटली नको.